सुकटीचा खुलासा

सुकट म्हणजे नेमकं काय, हे मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी समजलं, आणि तेही लेखी खुलासा देताना. तोवर आमच्या गिरगावातल्या घराचा समुद्राशी संबंध चौपाटीवर जाऊन भेळ खाण्यापुरताच होता.

मी एका सरकारी बससेवेच्या ‘हरवले-सापडले’ विभागात हेडक्लार्क आहे. बससेवेचं नाव सांगत नाही. सांगायचं तर लेखी परवानगी काढावी लागेल, आणि गेल्या वर्षभरात मी इतकं काही लेखी दिलंय की आता कोरा कागद दिसला तरी हात आपोआप पाठीमागे जातो. आमचं ऑफिस परळला, एका डेपोच्या पहिल्या मजल्यावर. प्रवासी बसमध्ये जे विसरतात ते आमच्याकडे येतं. छत्र्या तर येतातच, पण हेल्मेटंही येतात (हेल्मेट घेऊन बसमध्ये कोण चढतं, हे कोडं मला एकतीस वर्षांत सुटलेलं नाही), लग्नाचे अल्बम येतात, औषधाच्या पिशव्या येतात. वस्तू रजिस्टरात चढते, मग फडताळात बसते आणि मालकाची वाट बघते. मालक बहुधा येत नाही.

विभागात आम्ही तिघं. सुरुची मॅडम अधिकारी, वय चौतीस, कागदाला कडक. मधे मी. आणि शिवाभाऊ घाडी, शिपाई. शिवाभाऊ लालबागचे. वडील गिरणीत होते, हे इथे चिकटले. फडताळातली प्रत्येक वस्तू कुठल्या मार्गावरून, कुठल्या महिन्यात आली हे त्यांना रजिस्टर न उघडता सांगता येतं. रजिस्टर उघडून मला सांगता येत नाही. ते दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते.

अशा शांत विभागात मुख्य कार्यालयाचं परिपत्रक आलं. प्रत्येक विभागाने सोशल मीडियावर स्वतःचं पान उघडावं, जनतेशी ‘जिवंत संवाद’ साधावा, जनतेच्या प्रत्येक प्रश्नाला एका तासात उत्तर द्यावं, आणि किती जणांनी पाहिलं, किती जणांना आवडलं याचा तक्ता दर शुक्रवारी पाठवावा. हे काम माझ्याकडे आलं. कारण एवढंच, की आदल्या महिन्यात मॅडमच्या फोनची पेटलेली बॅटरी, म्हणजे टॉर्च, मी बंद करून दिली होती. तेव्हापासून ऑफिसात मला तंत्रज्ञ समजतात.

पान उघडायला नऊ दिवस लागले. पासवर्ड बंद लिफाफ्यात ठेवायचा होता, आणि लिफाफा उघडायला दोन सह्या लागायच्या. ओटीपी ज्या साहेबांच्या फोनवर जायचा ते अलिबागला लग्नाला गेले होते. ते हॉलमधून मला आकडे सांगायचे, मागे सनई चालू, आणि मी सात टाकायचो ते साठ निघायचं.

पहिल्या पोस्टचा मसुदा मी दोन दिवस खपून केला. ‘तमाम प्रवासी जनतेस कळविण्यात येते की, विभागाच्या ताब्यात बेवारस स्थितीत आढळून आलेल्या दोनशे चौदा (२१४) छत्र्या असून, संबंधितांनी ओळखीच्या पुराव्यासह समक्ष हजर राहावे, अन्यथा...’ अन्यथाच्या पुढे तीन ओळी होत्या. चार जणांना ते आवडलं. त्यातली एक माझी बायको प्रिती, एक शिवाभाऊ, एक चुकून मी स्वतः, आणि चौथा माणूस कोण म्हणून बघितलं तर तो छत्र्यांचा व्यापारी निघाला.

आमच्या शेजारी अण्णा राहतात. बँकेतून निवृत्त झालेत आणि दुसऱ्यांच्या कामावर पूर्णवेळ रुजू आहेत. ते म्हणाले, लोकांना सकाळी सकाळी सरकारकडून प्रसन्न काहीतरी हवं असतं, तू गुलाब टाक आणि खाली सुप्रभात. मी टाकला. मुख्य कार्यालयाने विचारणा केली की, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी सुप्रभात म्हणण्यामागे विभागाची कार्यालयीन वेळेसंबंधी काय भूमिका आहे. हा माझा पहिला लेखी खुलासा.

माझी मुलगी रुचा कॉलेजात आहे. तिने ते छत्र्यांचं निवेदन वाचलं आणि म्हणाली, “बाबा, हे वाचून मला वाटलं आपलं घर जप्त होणार. घरी बोलतोस तसं लिही ना.” घरी मला बोलायला मिळत नाही, हे तिच्या लक्षात नसावं. तरी मी प्रयत्न केला. त्याच आठवड्यात एक अर्धी कवळी आली होती. मी फोटो काढून लिहिलं, ‘दादरच्या गाडीत वरच्या जबड्याची कवळी सापडली आहे. खालचा जबडा ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपया यावं.’ मी हे पूर्ण गांभीर्याने लिहिलं होतं. नऊशे लोक हसले. पण तिसऱ्या दिवशी दादरचे एक निवृत्त मास्तर तोंडावर रुमाल धरून आले, फडताळाच्या आड गेले, आणि बाहेर येऊन परत मिळालेल्या दातांनी पहिला शब्द बोलले तो ‘धन्यवाद’. आमच्या खात्याला इतक्या स्पष्ट उच्चारात कुणी आभार मानल्याचं मला आठवत नाही. त्या दिवसापासून मला हे काम आवडायला लागलं, आणि माणसाला काम आवडायला लागलं की संकट फार लांब नसतं.

डबा आला तो एका मंगळवारी. वरळीच्या गाडीच्या शेवटच्या बाकावर कंडक्टरला सापडला. साधा स्टीलचा, दोन पुडांचा, कडेला पोचा आलेला. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं: कमल. मी रजिस्टरात चढवला, ‘आत तांदळाच्या भाकऱ्या दोन, सुकट’ असं शिवाभाऊंनी सांगितलं तसं लिहिलं. नाशवंत वस्तूंसाठी आमच्याकडे नियम चौदा (क) आहे. ‘नाशवंत पदार्थ त्याच दिवशी निकाली काढावेत.’ कसे, ते नियमात नाही. इतकी वर्षं शिवाभाऊ ते डेपोतल्या कुत्र्यांना घालत, आणि नियमाचं समाधान होत असे.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना हाक मारायला मागे गेलो तर ते खिडकीपाशी स्टुलावर पाठमोरे बसले होते. मांडीवर डबा. भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने डब्याची कड पुसत होते.

“साहेब, आज कुत्र्यांना नाय घातली,” ते म्हणाले. वळले मात्र नाहीत.

मी खिडकीशी जाऊन टेकलो. मग त्यांनीच थोडंथोडं सांगितलं. त्यांची मंडळी जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून खानावळ. तिथेही सुकट मिळते, पण ती पोटात जाते, बस. झाकण उघडलं तेव्हा वासानेच त्यांना खाली बसावं लागलं. डबा धुऊन, पालथा घालून ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, “लिवणारच आहात तर एक ओळ घाला साहेब. जिने केली तिला कळू दे.”

मी घातली. संपूर्ण पोस्ट अशी होती: ‘वरळीच्या गाडीत एक डबा सापडला. झाकणावर कमल असं नाव आहे. आत दोन भाकऱ्या आणि सुकट होती. करणारीच्या हाताला चव आहे. कमलताई, डबा घेऊन जा.’

वीस मिनिटं सगळं छान होतं. तीनशे लोकांना आवडलं. मग कांदिवलीच्या एका गृहस्थांनी विचारलं, हाताला चव आहे हे खात्याला कसं कळलं?

प्रश्नाला एका तासात उत्तर द्यायचं असतं. मी बारा मिनिटांत दिलं. ‘पदार्थाची नियमानुसार विल्हेवाट लावताना.’

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण त्या दुपारची आठवण झाली की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात. तिकीट घेतात, वर जेवणही घेतात, असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने सगळ्यांना सावध केलं की मोदक मांडीवर घट्ट धरून बसा. कुणी विचारलं की विभागात जागा निघणार असतील तर पात्रता काय. मी प्रत्येकाला उत्तर देत होतो, आणि माझं प्रत्येक उत्तर आगीत तेल ओतत होतं. तीन वाजता मुख्य कार्यालयातून फोन आला आणि साडेतीनला मी आणि शिवाभाऊ मॅडमच्या केबिनमध्ये उभे होतो.

मॅडमच्या टेबलावर शिवाभाऊंची पेन्शनची फाईल उघडी होती. योगायोग नाही, मीच सकाळी सहीला ठेवली होती. वरच्या कागदावर छापलेलं होतं, ‘सदर कर्मचाऱ्याविरुद्ध कोणतीही चौकशी प्रलंबित नाही’, आणि खाली सहीची जागा कोरी. आमच्याकडे चौकशी सुरू झाली की संपायला साधारण सहा वर्षं जातात. तोवर पेन्शन फाईलमध्येच मुरते.

मॅडमनी विचारलं, “सुकट कोणी खाल्ली?”

शिवाभाऊंनी तोंड उघडलं. मी त्यांच्या आधी म्हणालो, “मी.”

हे धैर्य वगैरे नव्हतं. माझी निवृत्ती सहा वर्षांवर होती, म्हणजे चौकशी आणि मी बरोबरच संपलो असतो, एवढा हिशोब त्यामागे होता. मॅडमनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. त्या रोज माझ्या शेजारच्या टेबलावर जेवतात, आणि माझ्या डब्यात दुधी असतो हे त्यांनी पाहिलेलं आहे. पण कागदाला कडक असल्यामुळे त्यांनी मी सांगितलं तेच कागदावर घेतलं.

पारदर्शकतेसाठी मुख्य कार्यालयाने त्याच पानावर खुलासा टाकायला लावला, माझ्याच हाताने. ‘सदर सुकट हेडक्लार्क श्री. उन्मेष परचुरे यांनी नियमानुसार निकाली काढली असून त्यांचेकडून खुलासा मागविण्यात आला आहे.’ संध्याकाळच्या एका पेपराने ते जसंच्या तसं छापलं.

मी घरी पोचलो तेव्हा पेपर माझ्या आधी पोचला होता. अप्पा, म्हणजे माझे वडील, वय शहाऐंशी, गॅलरीत खुर्चीवर बसले होते. चातुर्मासात आमच्या घरात कांदासुद्धा मागल्या दाराने येतो. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं, जणू कुठेतरी खवले दिसायला लागले असतील. प्रितीचं दुःख वेगळं होतं. मासळीबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, दुधी आवडत नाही तर तसं सांगायचं होतं, परक्या बाईच्या डब्यात हात घालायची वेळ यावी इतकं वाईट मी करते का? आणि तिने पोळी तव्यावर जरा जोरात टाकली.

अण्णा सल्ला घेऊन आले. खुलाशात ‘खाल्ली’ लिहू नकोस, ‘तपासली’ लिही. तपासणी हे कर्तव्य आहे, खाणं हा गुन्हा आहे. किती तपासली असं विचारलं तर? मी म्हटलं. अण्णा म्हणाले, सखोल. चाळीतल्या दोन बिऱ्हाडांनी मला प्रायश्चित्त सुचवलं, आणि तिसऱ्या बिऱ्हाडाने जिन्यात गाठून हळूच कृती विचारली.

तिसऱ्या दिवशी अप्पांनी मला जवळ बोलावलं आणि दार लोटून घ्यायला सांगितलं. मला वाटलं, आता घर सोडायला सांगतात.

“काटे असतात का रे?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की नसतात, बारीक, वाळवलेल्या कोलंबीसारखी असते ती. एवढं मी खुलाशासाठी वाचून काढलं होतं.

“मीठ कसं होतं?”

“बरोबर होतं, अप्पा.”

ते खाली रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, त्यांच्या ऑफिसात शेजारच्या टेबलाला एक सावंत होता. रोज एक वाजता डबा उघडायचा. “छत्तीस वर्षं मी नुसता वास घेतला. त्याने दोनदा विचारलं होतं. मी नको म्हटलं.” इतकंच बोलून त्यांनी पेपर उलटा केला आणि शब्दकोडं घेतलं. आणि मी, ज्याने ती सुकट बघितलीसुद्धा धड नव्हती, वडिलांसमोर खायची ऐट मिरवत उभा होतो. त्यांना खरं सांगावं असं फार वाटलं, पण अप्पांना सांगितलं म्हणजे गिरगावाला सांगितलं.

प्रितीला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करताना सगळं सांगितलं. शिवाभाऊंचं, फाईलचं, सहीच्या कोऱ्या जागेचं. तिने गॅस बारीक केला आणि ऐकून घेतलं. निघताना माझ्या हातात दोन डबे आले. दुसरा शिवाभाऊंचा. दुधी आहे म्हणावं, ती म्हणाली, आणि चवीबद्दल कुठे लिहायची गरज नाही.

दरम्यान आमच्या पानावर काहीतरी बदललं होतं. शिव्या दमल्या होत्या. एका बाईने लिहिलं की, तिची आई गेल्यापासून तिच्या घरात सुकट झालेली नाही, कारण प्रमाण आईच्या हाताला ठाऊक होतं, तिला नाही. तिच्याखाली दुसरीने, मग तिसऱ्याने. दोन दिवसांत चारशे जणांनी आपापल्या आयांचे, आज्यांचे डबे लिहिले. कुणाच्या डब्यावर लग्नाची तारीख होती, कुणाच्या डब्यावर मामाचं नाव. सरकारी खात्याला लोक बोल लावतात हे काही नवं नाही. पण कुणी आमच्याशी घरातलं बोलेल, हे आमच्या कुठल्याच तक्त्यात बसत नव्हतं. मी उत्तर द्यायचं थांबवलं आणि नुसता वाचत बसलो. जिवंत संवादात मधेमधे गप्प बसायचं असतं, हे परिपत्रकात घालायला हवं होतं.

मग कमलताई यायला लागल्या. एक नाही, अकरा. त्या पिढीत घराघरात एक कमल असायची. बहुतेक जणींचा कधी ना कधी डबा हरवलेला होता. परळच्या एक कमलताई तर १९९८ साली हरवलेला डबा घ्यायला आल्या होत्या. काही जणी मला बघायला आल्या असाव्यात, कारण डब्यापेक्षा माझ्याकडेच जास्त बघत होत्या. एक तरुण माणूसही आला. म्हणाला, डबा माझा नाही, पण आईचं नाव कमल होतं, कुणीच नेला नाही तर मला द्या. त्याचा फोन नंबर मी स्वतःच्या डायरीत लिहून घेतला. रजिस्टरात त्यासाठी रकाना नव्हता.

आता अडचण अशी, की दावेदाराने वस्तूच्या आत काय होतं ते सांगायचं असतं. आणि आत काय होतं ते मी सगळ्या मुंबईला आधीच सांगून बसलो होतो. मॅडमनी सोमवारी सगळ्यांची समक्ष सुनावणी लावली आणि तोडगा काढला. सुकटीत आंबट काय घातलं होतं, ते दावेदाराने सांगायचं. ते पोस्टमध्ये नव्हतं. आणि खरं-खोटं ठरवणार कोण? ज्याने खाल्ली तो. म्हणजे मी.

शिवाभाऊ दावेदारांच्या मागे पाण्याचा ट्रे घेऊन उभे राहिले. आमचं ठरलं होतं, उत्तर चुकलं की त्यांनी ट्रे डावीकडे कलवायचा. पहिल्या कमलताई म्हणाल्या, कोकम. ट्रे कलला. मी डोळे मिटून, आठवल्यासारखं करून, नाही म्हटलं. दुसऱ्या म्हणाल्या, चिंच. तिसऱ्या म्हणाल्या, टोमॅटो, आणि ट्रे इतका कलला की दोन ग्लास जमिनीवर आले. अकरा जणी झाल्या. मॅडम फाईल मिटणार, तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. सत्तरीच्या आत-बाहेर, किरकोळ बांधा, सुती लुगडं, हातात फक्त रुमाल. वरळीच्या बीडीडी चाळीतून आल्या होत्या. शेजारच्या अक्षदा नावाच्या मुलीने फोनवर वाचून दाखवलं म्हणून.

मॅडमनी त्यांना तोच प्रश्न विचारला. त्या माझ्याकडे वळल्या.

“तुम्ही खाल्लात ना? मग तुम्हीच सांगा, काय होतं.”

मी म्हटलं, मीठ होतं. त्या गप्प. मी म्हटलं, तिखट. त्या गप्पच. मी ट्रेकडे बघितलं. ट्रे अगदी सरळ होता, आणि सरळ ट्रेचा अर्थ काय, हे आमचं ठरलेलं नव्हतं. मॅडम पेन उघडून बसल्या होत्या.

“आंबोशी,” मागून शिवाभाऊ म्हणाले. “कैरीची. आणि भाकरीत मूठभर नाचणी होती.”

कमलताई सावकाश त्यांच्याकडे वळल्या.

“तुम्ही खाल्लात?”

“होय.”

“सगळी?”

“डबा पुसून,” शिवाभाऊ म्हणाले, आणि ट्रे खाली ठेवला. “साहेब माझ्यासाठी खोटं बोलले, मॅडम. माझं नाव लिवा.”

मी मॅडमना काहीतरी सांगायला लागलो, पण कमलताई समोरच्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनीच बोलायला सुरुवात केली. डबा हरवलाच नव्हता, त्या म्हणाल्या. त्यांचा मुलगा गौतम दादरला नव्या इमारतीत राहतो. रविवारची सुट्टी त्याला मंगळवारी मिळते, म्हणून त्या सकाळी उठून, मच्छीमार नगरातून आणलेला सुका जवळा भाजून, त्याच्यासाठी घेऊन गेल्या होत्या. मुलगा वाईट नाही. सूनही वाईट नाही. ती एवढंच म्हणाली की आई, इथे शेजारी वासाची तक्रार करतात. आणि गौतम म्हणाला, आम्ही बाहेरून मागवलंय, तू हे परत ने. त्याने झाकणसुद्धा उघडलं नाही. परत येताना डबा मांडीवर गरम होता. वरळी आली, तेव्हा तो उचलून घरी न्यावासा वाटेना. “म्हणून ठेवून उतरले,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, कुणी भुकेल्याने खाल्लं तर खाल्लं. आता या वयात कुणासाठी करायचं, म्हणून जवळ्याची बरणीपण शेजारणीला दिली. मग अक्षदाने ते वाचलं, करणारीच्या हाताला चव आहे. मी तिला तीनदा वाचायला लावलं.”

एवढं सांगून त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. घाम पुसल्यासारखं.

मॅडम फाईलमध्ये काहीतरी लिहीत होत्या. बराच वेळ लिहीत होत्या. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभा होतो, आणि शिवाभाऊंच्या फाईलवरची ती कोरी जागा मला तिथूनही दिसत होती. मग मॅडमनी वाचून दाखवलं, नेहमीच्याच कोरड्या आवाजात. ‘सदर वस्तू मालकाने स्वेच्छेने व खाण्याच्या हेतूने ठेवली असल्याचे समक्ष सांगितले. सबब ती हरवलेली नाही. हरवलेली नसल्याने प्रकरण या विभागाच्या कक्षेत येत नाही. कक्षेत येत नसल्याने चौकशीचा प्रश्न उद्भवत नाही.’

एकतीस वर्षं मी ही भाषा लिहितो आहे. तिच्यात एवढी माया मावते हे मला ठाऊक नव्हतं.

कमलताईंनी खाली सही केली. मॅडमनी दुसरी फाईल ओढली आणि शिवाभाऊंच्या कागदावर सही ठोकली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या की, परचुरे, तुम्ही मला खोटं सांगितलंत त्याचं मी काय करू, हे मला अजून सुचलेलं नाही. सुचेपर्यंत पान तुम्हीच चालवा. लिहिता तसंच लिहा, फक्त चवीत पडू नका.

डबा कमलताईंना दिला. शिवाभाऊ म्हणाले, जिना काळोखा आहे, मी खालपर्यंत येतो. जिन्यातून आवाज वर येत होता. तुमचो गाव खंयचो? आचरा. अरे, मग आमी मसुऱ्याचे. पुढे आचरं आणि मसुरं, मालवणाकडची ही शेजारशेजारची गावं, जिना उतरून गेली आणि मला काही ऐकू आलं नाही.

आमच्या खिडकीच्या बरोबर खाली बसस्टॉप आहे. मी रजिस्टर बंद करून उगाच तिथे जाऊन उभा राहिलो. दोघं स्टॉपवरच्या बाकावर बसले होते, मधे डबा. शिवाभाऊ हातवारे करून काहीतरी सांगत होते. इतकं बोलताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. वरळीची गाडी आली, थांबली, गेली. दुसरी आली, रिकामी. कंडक्टरने हाक मारली. कमलताईंनी मान हलवून नाही म्हटलं. तिसरी आली तेव्हा मॅडमही माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. तिसरी गाडीही गेली.

“आज गाड्या बऱ्यापैकी वेळेवर आहेत,” मॅडम म्हणाल्या आणि केबिनमध्ये गेल्या.

चौथ्या गाडीने कमलताई गेल्या. शिवाभाऊ जिना चढून वर आले, पाऊण तासाने. शर्टाची कॉलर सारखी केली आणि ट्रे उचलला. माझ्याकडे न बघता म्हणाले, उशीर झाला, साहेब, गाडीच मिळेना.

नोकरीत बससेवेबद्दलच्या तक्रारी मी हजारोंनी नोंदवून घेतल्या असतील. ही मी नोंदवली नाही.